लिंबू डावीकडे

गेल्या रविवारी नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी नऊ माणसांची पंगत बसली. डायनिंग टेबल भिंतीला सरकवलं, सतरंज्यांच्या घड्या अंथरल्या आणि सगळे खाली मांडी घालून बसलो. वहिनीनं पातळभाजी, भरली वांगी, गोळाभात, कढी आणि सांबारवडी असा बेत केला होता. (सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. थंडीत जुड्या स्वस्त झाल्या की नागपुरात घरोघरी ही वडी होते.) वाढायची वेळ झाली तसे बाबा उठले, पंचा कमरेला खोचला आणि ओगराळं हातात घेतलं. वय ७८. वहिनी म्हणाली, "बाबा, तुम्ही बसा ना, मी वाढते." ते म्हणाले, "तू सकाळपासून उभी आहेस. बैस पानावर."

आई जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात बाबांनी कुणाला काही वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. स्वतःच्या पानात काय पडलं तेही ते पाहत नसत. दोन पोळ्यांची एक झाली होती, एकीची अर्धी. कधी कधी तर ओट्याशी उभ्यानंच दहीभाताचे चार घास घेऊन ताट धुऊन ठेवत. "जेवलात का?" विचारलं की "झालं" म्हणत. त्यांना पुन्हा वाढायला उभं केलं ते दिवाळीच्या सुट्टीत एका जहाजावर आमच्या टेबलाला वाढणाऱ्या एका माणसानं. त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

त्याआधी बाबांच्या वाढण्याबद्दल सांगायला हवं. चाळीसएक वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, पण महालात त्यांची जुनी ओळख वाढपी म्हणून. त्यांच्या तरुणपणी लग्नं वाड्यात किंवा घरापुढच्या मांडवात होत. स्वयंपाकाला आचारी आणि वाढायला गल्लीतली पोरं. बाबा त्या पोरांचे पुढारी. अनवाणी, कमरेला पंचा, हातात वरणाची बकेट, पाठ वाकवलेली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत "वरण, वरण, वरण" अशी हाळी. मी लहान असताना शेवटच्या अशा काही पंगती पाहिल्या आहेत. बाबा तुपाची धार धरत ती या पानावरून त्या पानावर जाताना मधल्या जागेत एक थेंब पडत नसे. मधेच श्लोक म्हणत. व्याह्यांच्या बाजूचा कुणी जिलबीला नको म्हणाला तर त्याच्यापुढे उकिडवे बसून अशी काही मनधरणी करत की अख्खी ओळ हसायला लागायची आणि त्या माणसाच्या पानात चार जिलब्या पडलेल्या असायच्या.

पण बाबांचं खरं कसब मला नंतर कळलं. ते म्हणत, नको म्हणणारे दोन प्रकारचे असतात. ज्याला खरंच नको तो दोन्ही हात आडवे धरतो आणि पानावर वाकतो. ज्याला हवं असतं पण लाज वाटते, तो एकच हात पुढे करतो, तोही पानापासून वीतभर वर. त्याला वाढायचं. ओळीच्या शेवटी बसलेला पोरका मुलगा, उपाशीपोटी कामाला आलेला बॅन्डवाला, यांच्याकडे आग्रहाची गंमत करता करताच लक्ष ठेवायचं. तोंडानं थट्टा चालू ठेवायची आणि डोळे पानांवर.

आता नागपुरात लग्नं लॉनवर होतात. शंभर पदार्थ असतात, ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं असतं आणि पलीकडचा मुलगा आपल्याकडे न पाहता डाव भरून टाकतो. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे हजार माणसं असतात. तरी मला ते आवडत नाही, आणि बाबांना तर तिथून भुकेलं परत यायची सवयच झाली होती.

जहाजाची कल्पना दादाची. नागपूरला समुद्र नाही. पाणी पाहायचं तर आम्ही फुटाळा तलावावर जाणारी माणसं. बाबांना एकदा समुद्रावर न्यायचं असं आईच्या मनात होतं, ते राहून गेलं. दादा, वहिनी, माझा भाचा, मी, माझी लेक आणि बाबा असे सहा जण मुंबईमार्गे सिंगापूरला गेलो आणि तिथून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला येणाऱ्या जहाजावर चढलो. चार रात्री. सगळा प्रवास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. ती साधारण ८०० किलोमीटर लांब आहे, म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरहून मुंबईला जावं जवळजवळ तेवढी, असं बाबांनीच भाच्याला समजावलं. बोलत होते, पण जेवत नव्हते.

पहिली रात्र वाईट गेली. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक संध्याकाळी लवकरची आणि एक आठची. ज्याला जी पाळी मिळाली त्याचं टेबल ठरतं आणि वाढणारी माणसंही सगळ्या रात्री तीच राहतात. टूरवाल्यानं आमची नोंदच केली नव्हती. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या बुफेला गेलो. जहाज किंचित हलत होतं. बाबा ताट धरून रांगेत उभे राहिले, त्यांचा हात थरथरत होता, मागचा माणूस घाई करत होता. त्यांनी थोडा भात आणि दही घेतलं, एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले आणि दहा मिनिटांत "मी खोलीत जातो" म्हणाले. मला रडू आलं. आपण त्यांना इतक्या लांब आणून काय केलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादानं खेटे घालून आठच्या पाळीत सहा जणांचं टेबल मिळवलं.

आमच्या टेबलाला दोघं होते. मुख्य वेटर फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातला, चाळिशीच्या आसपासचा, ठेंगणा, हसरा. त्याचा मदतनीस गोव्याचा, पंचविशीतला. हा आमच्याशी हिंदीत बोलायचा, आणि आपण "धन्यवाद" म्हटलं की कोंकणीत "देव बरें करूं" म्हणायचा. दोघांची जोडी जमलेली. एकानं थाळ्यांची चळत उचलली की दुसरा न पाहता बाजूला व्हायचा.

फिलिपिनोनं आल्या आल्या भाच्याचा नॅपकिन उचलला, दोन घड्या, एक गाठ, आणि त्याच्या तळहातावर एक उंदीर बसला. तो उंदीर त्याच्या बाहीवरून उडी मारून भाच्याच्या मांडीवर पडला. भाचा किंचाळला. माझी लेक एकोणीस वर्षांची आहे, जेवताना फोन खाली ठेवत नाही. तिच्यासमोर त्यानं काड्यांची मांडणी केली आणि म्हणाला, दोनच काड्या हलवून मासा उलट दिशेला पोहायला लावा. काड्या होत्या आठ. ती पंधरा मिनिटं त्यात होती. (दोनात होत नाही, तीन लागतात. मग तो म्हणाला, "हो, तीन. मला पाहायचं होतं तुम्ही भांडता की नाही.")

बाबांशी तो काहीच खेळ खेळला नाही. त्यांच्याजवळ आला, थोडा वाकला, डाळ, भात आणि मटारची भाजी ठेवली आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. थाळीच्या उजव्या कडेला लिंबाची फोड होती, मिठाची डबी समोर होती. बाबांनी न बोलता दोन्ही उचलून डाव्या बाजूला ठेवलं, मीठ वर आणि लिंबू त्याच्याशेजारी. ही त्यांची साठ-सत्तर वर्षांची सवय, मी ती पाहूनही पाहत नाही. मग भातावर लिंबू पिळलं, आठ-दहा घास खाल्ले आणि थाळी सरकवली. फिलिपिनोनं थाळी उचलली. तिच्यात काय उरलं ते त्यानं पाहिलं, हे मात्र मी पाहिलं.

तिसऱ्या रात्री आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा टेबल मांडलेलं होतं. पाच जणांच्या जागा सारख्या. बाबांच्या जागी मात्र डाव्या हाताला मिठाची छोटी वाटी, तिच्याशेजारी एका बशीत लिंबाच्या दोन फोडी, आणि त्याच्या पुढे चमचाभर लोणचं. लोणचं त्यानं गोव्याच्या मुलाला सांगून भटारखान्यातून आणवलं होतं, हे नंतर कळलं.

बाबा उभेच राहिले. टेबलाकडे पाहत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "पान बरोबर वाढलं त्यानं."

त्या रात्री बाबा बोलू लागले. वाढणारा माणूस नेहमी कुठल्या बाजूनं येतो, हे त्यांना विचारायचं होतं. फिलिपिनोनं सांगितलं की त्याला शिकवलं आहे ते असं: अन्न पाहुण्याच्या डावीकडून ठेवायचं, रिकामी थाळी उजवीकडून उचलायची, पेयही उजवीकडून द्यायचं, आणि टेबलावर सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय कुणाचीही थाळी उचलायची नाही. शेवटचं ऐकून बाबांनी मान डोलावली. आमच्याकडेही पंगतीतून एकटं उठत नाहीत. मग बाबांनी आपली बाजू सांगितली. पान कसं मांडतात, डावं काय, उजवं काय, भात मध्ये का, सगळं. इंग्रजी त्यांचं शाळामास्तरांचं, प्रत्येक वाक्य पूर्ण. तो तळहातावर ट्रे तोलून ऐकत होता. "आणि वाढताना तुम्ही काय म्हणता?" त्यानं विचारलं. बाबांनी थोडं अवघडून आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात हाळी दिली, "वरण, वरण, वरण."

तो आत गेला. परत आला तो वाकून, डाळीचं भांडं छातीशी धरून, आमच्या टेबलाभोवती फिरत, "वालान, वालान, वालान!" गोव्याचा मुलगा मागून भात घेऊन. शेजारच्या टेबलावरची चिनी आजीबाई टाळ्या वाजवायला लागली. बाबा हसले. दात दिसेपर्यंत हसले. त्यानं त्यांच्या थाळीत डाळ वाढली, बाबांनी एक हात पुढे केला, थाळीपासून वीतभर वर. त्यानं हाताकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि आणखी एक डाव वाढला.

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगते, बाबांनी हातांची गोष्ट त्याला सांगितलेली नव्हती.

खोलीवर जाताना दादा म्हणाला, "बाबा, हे त्यांचं कामच असतं हो. बक्षिसी आधीच बिलात लावलेली असते, दर माणशी, दर दिवसाची." बाबा थांबले. म्हणाले, "मीही पगार घेऊनच शिकवत होतो." दादा गप्प झाला.

पण दादाच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली, ती म्हणजे काम. रात्री साडेदहाला आम्हाला हसवणारा हा माणूस सकाळी सातला बुफेत अंडी वाटताना दिसत होता, आणि दुपारी पुन्हा. चौथ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रात होतं तेव्हा मी त्याला विचारलं, सुट्टी कधी? तो म्हणाला, करार आठ महिन्यांचा, त्यात सुट्टीचा दिवस नसतो, थोडे तास मिळतात. घरी सात वर्षांची मुलगी आहे, ती फोनवर दिसते. परत आल्यावर मी वाचलं, २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात २४ तासांत किमान १० तास विश्रांतीची अट आहे, आणि ती दोन तुकड्यांत दिली तरी चालते, फक्त एक तुकडा सहा तासांचा हवा. म्हणजे पूर्ण झोप अशी महिनोन् महिने नाहीच. आणि या अंगानं तो नॅपकिनचे उंदीर करत होता. मला त्याच्याबद्दल दया वाटली नाही, फार मोठा आदर वाटला. राग आला तो त्या तासांचा.

बाबांच्या हे आधीच लक्षात आलं होतं. चौथ्या रात्री बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "अगं, यानं काही खाल्लं का? सकाळपासून उभाच दिसून राहिला." मग त्यालाच इंग्रजीत विचारलं, "तू जेवलास का?"

तो क्षणभर थबकला. म्हणाला, "आमच्याकडे कुणी भेटलं की हेच विचारतात. कुमाइन का ना? जेवलास का? तुम्ही माझ्या आजोबांसारखं विचारलंत." त्याच्या भाषेत आजोबांना लोलो म्हणतात. तेव्हापासून बाबा लोलो झाले. "नंतर जेवेन, लोलो. तुम्हा सगळ्यांचं झाल्यावर."

"वाढपी शेवटच्या पंगतीलाच बसतो," बाबा मराठीत म्हणाले. गोव्याच्या मुलाला ते कळलं. त्यानं मान हलवली.

शेवटच्या रात्रीचा सोहळा जहाजांवरचा जुना. हॉलमधले दिवे मंद झाले, संगीत मोठं झालं आणि सगळे वेटर ओळीनं, डोक्यावर ट्रे तोलत, हातातले नॅपकिन गरागरा फिरवत आले. ट्रेवर बेक्ड अलास्का. खाली केक, त्यावर आईस्क्रीम आणि त्याभोवती अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला फेस. त्या फेसात हवा कोंडलेली असते आणि ती उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून कडक भट्टीतून काढूनही आतलं आईस्क्रीम वितळत नाही. वर ज्योती होत्या, पण बॅटरीवरच्या. समुद्रावर आगीशी खेळ नको. तीनशे माणसं नॅपकिन फिरवत होती आणि त्यात माझे बाबाही होते, उभे राहून.

पण अंडं बाबा खात नाहीत. फिलिपिनोला ते माहीत होतं. गडबड ओसरल्यावर तो एक संत्रं, एक काटा आणि एक लहान सुरी घेऊन आला. संत्र्याची दोन्ही टोकं कापली, काटा मधोमध रोवला आणि हवेतच, हात न लावता, सोलायला लागला. सुरी स्थिर आणि संत्रं फिरत होतं. साल एका अखंड फितीसारखी खाली उतरत गेली, वळसे घेत, थाळीपर्यंत. पांढरा पापुद्रा कुठे राहिला नाही. मग पाकळीच्या दोन बाजूंनी सुरी घालून एकेक फोड मोकळी केली आणि थाळीत पंख्यासारखी मांडली. काट्यावर फक्त पापुद्र्यांचा सांगाडा उरला. त्याची नखं अगदी बारीक कापलेली होती, अंगठ्याच्या पेराजवळ सुरीचा घट्टा पडलेला होता. आम्ही कुणी बोललो नाही.

बाबांनी एक फोड खाल्ली. त्याला म्हणाले, "मी संत्र्यांच्या गावचा आहे." आमचा नागपुरी संत्रा सैल सालीचा, त्याला सुरी लागत नाही, अंगठा घातला की साल सुटते, असं सगळं सांगितलं. आंबिया बहार आता बाजारात आला असेल, म्हणाले, या बहाराचा संत्रा आंबटगोड असतो, आणि तू कधी नागपूरला आलास तर मी सोलून देईन. तो म्हणाला, "सोलायला मीच येतो, लोलो, तुम्ही बसा." दोघंही खरंच भेटणार असल्यासारखे बोलत होते.

मग बाबांनी खिशातून संत्रा बर्फीचा छोटा डबा काढला. नागपूरहून निघताना चार डबे घेतले होते, हा शेवटचा राखून ठेवलेला. "आत्ता एक खा. माझ्यासमोर." तो कावराबावरा झाला. पाहुण्यांसमोर खाता येत नाही, नियम आहे. बाबांचा चेहरा पडला. आयुष्यभर दुसऱ्याच्या पानात आग्रहानं वाढलेल्या माणसाला एका वाढप्याला एक घास भरवता येत नव्हता. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला, ट्रेवर ठेवला. मग वाकून बाबांचा उजवा हात धरला आणि त्याची मागची बाजू आपल्या कपाळाला लावली. त्यांच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. बाबांना ते माहीत नव्हतं. पण त्यांचा हात आपोआप वळला आणि त्याच्या डोक्यावर जाऊन टेकला.

"अन्नदाता सुखी भव," बाबा म्हणाले. घरी जेवण झाल्यावर रोज म्हणत, तेच. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

सकाळी सिंगापूरला उतरायचं होतं. सहा वाजता बुफेत ही गर्दी, बॅगा, पोरं, घोषणा. आम्ही चहा घेत होतो. बाबा खुर्चीवर बसून पलीकडे पाहत होते. लांब, काऊंटरच्या मागे, पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत तो उभा होता, एका कुटुंबाच्या थाळ्यांत काही वाढत होता, त्यांच्या लहान मुलीला हसवत होता. त्याची नजर फिरली, बाबांवर आली. बाबांनी बसल्या जागेवरून उजव्या हाताची पाच बोटं जुळवून ओठांपाशी नेली आणि भुवया उंचावल्या.

त्यानं डाव खाली ठेवला. उजव्या हाताची पाच बोटं जुळवली, तोंडाजवळ नेली, डोळे मिटले, मग उघडून जोरात मान हलवली आणि दोन बोटं वर केली. दोन खाल्ल्या.

"जेवला," बाबा म्हणाले, आणि उठून स्वतःसाठी ताट घ्यायला गेले.